राजेसाबची शिवण

सोलापुरात मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणारी सात-आठ दुकानं आहेत, पण ड्रायव्हर लोक थांबतात ते राजेसाबच्या दुकानापुढं. कारण एकच, त्याची शिवण. इतरांचे टाके बोट बोट अंतरावर, राजेसाबचे इतके दाट की मधून मुंगी जायची नाही. जाड दाभण, मेण चोळलेला दोरा, आणि काम संपलं की कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे तीन टाके. ही त्याची सही. पस्तीस वर्षांत ही सही असलेली ताडपत्री उसवून परत आली नाही, हे तो चहा पिता पिता कुणालाही सांगे, आणि न विचारताही सांगे.

त्याचा एक रिवाज होता. शिवलेला माल तो तसाच गिऱ्हाईकाच्या हवाली करत नसे. ताडपत्रीचं एक टोक स्वतः धरायचा, दुसरं पोरीच्या हातात द्यायचा, आणि दोघं पाय रोवून जीव खाऊन मागं रेलायचे. याला तो ताण बघणं म्हणे. गुलनाज आठ वर्षांची होती तेव्हापासून दुसरं टोक तिचं. आता ती बावीसची होती, बी.एस्सी. होऊन एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवत होती, तरी दुकानात पाऊल टाकलं की हाक तीच : "गुलनाज, टोक धर." ती यायची, टोक मनगटाला गुंडाळायची आणि डोळे मिटून सगळं अंग मागं टाकायची. शिवण उसवली तर आपण पाठीवर आपटू, हा विचार तिला चौदा वर्षांत शिवला नाही. अब्बांची शिवण होती, मग बघायचं काय?

अशा पोरीला विमान चालवायचं खूळ लागलं. विमान म्हणजे एअरपोर्टवरचं मोठं नव्हे. मायक्रोलाइट. दोन माणसं कशीबशी बसतील एवढं, खाली तीन चाकं, मागं फिरणारा पंखा आणि डोक्यावर नळ्यांवर ताणलेला कापडी पंख. आदल्या वर्षी मोडनिंबच्या एका व्यापाऱ्याला ताडपत्र्या पोचवायला बाप-लेक गेले होते. तिथं गावाबाहेरच्या माळावर प्रभुलिंग नावाचा माणूस असल्या विमानातून लोकांना दहा मिनिटांचा फेरा मारून आणत होता. गुलनाज बसली, वर गेली, खाली आली आणि सोलापूर येईपर्यंत बापाशी एक शब्द बोलली नाही. घरात पाय ठेवल्यावर म्हणाली, "अब्बा, मला हे शिकायचंय." घरातली बोली दखनी, मी ती मराठीत सांगतोय, एखादा शब्द तसाच राहिला तर चालवून घ्या.

राजेसाबनं आढेवेढे घेतले नाहीत, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. मोहल्ल्यातला दुसरा कुणी असता तर आधी पोरीचं लग्न उरकून टाकलं असतं. तो म्हणाला, "शीक. पण कुठं शिकायचं, ते मी ठरवणार."

गुलनाजनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं तीन ठिकाणं लिहिली. एक परराज्यातली मोठी शाळा, दुसरा पुण्याच्या पलीकडचा क्लब आणि तिसरा प्रभुलिंगचा माळ. प्रत्येकाखाली तेच तीन प्रश्न : शिकवणाऱ्याचा परवाना चालू आहे का? विमानाची सरकारदरबारी नोंद आहे का? इथं उडालेले तास आपला परवाना काढताना धरतात का? परराज्यात तीन महिने पोर एकटी राहणार म्हटल्यावर तिची आई अकबरी हिनं ते नाव तिथल्या तिथं खोडलं. दोन राहिली.

क्लब बघायला दोघं गेले. ऑफिसात एक बाई होत्या. तिन्ही प्रश्नांना त्यांनी तीन कागद पुढं ठेवले. डोळ्यांची, कानांची, हृदयाची तपासणी करून डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा, पोलिसांचा दाखला आणा, आणि जागा मात्र दिवाळीनंतरच्या तुकडीत, म्हणजे सात महिन्यांनी, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. गुलनाज तरीही खूश होती. तिला ते कागद आवडले होते. मग त्यांना विमानं दाखवायला शेडमध्ये नेलं आणि तिथं सगळं बिनसलं.

राजेसाबचा हात सवयीनं पंखाच्या काठाकडं गेला. तोच तिथला मेकॅनिक ओरडला, "हात लावू नका, काका."

राजेसाबनं हात मागं घेतला, पण डोळे शिवणीवर होते. बारीक सुई, बारीक दोरा, आणि टाके इतके विरळ, नागमोडी, की त्याला हसूच आलं. "एवढे लांब टाके? आमच्याकडं कांद्याच्या पोत्याला यापेक्षा दाट असतात. हे शिवलं कुणी?"

"इथं कुणी शिवत नाही," मेकॅनिक म्हणाला. "पंख फाटला तर जिथं बनतो तिथं परत पाठवायचा. आणि टाके लांब का, त्याला कारण आहे, काका. हे कापड असं असतं की—"

पण काका ऐकायला थांबले नव्हते. पस्तीस वर्षं दोरा ओढून बोटांना घट्टे पडलेल्या माणसाला कुणीतरी कापडाला हात लावू नको म्हणालं होतं, आणि वर कापड म्हणजे काय हे शिकवायला निघालं होतं. परतीच्या एस.टी.त इंदापूर येईपर्यंत तो धुसफुसत होता. शेवटी म्हणाला, "ज्यांना एक टाका मारता येत नाही, त्यांच्या हवाली पोर करायची? नक्को."

"पण अब्बा, त्यांचे सगळे कागद—"

"कागद काय बघतेस? माणूस बघ."

पुढच्या रविवारी ते मोडनिंबला गेले. प्रभुलिंग मूळचा होटगीचा, रेल्वेत फिटर होता. नोकरीत असतानाच रजा काढून कर्नाटकात जाऊन हे उडणं शिकला, निवृत्तीनंतर जुनं विमान घेतलं आणि मेहुण्याच्या माळावर शेड ठोकली. माणूस दिलदार, हात कायम ग्रीसमध्ये. त्या दिवशी तो डोक्याला हात लावून बसला होता. वावटळीत विमान ढकललं जाऊन बाभळीवर गेलं होतं आणि पंखाच्या मागच्या काठाला हातभर चीर पडली होती.

"तुमी ताडपत्रीवालं न्हवं?" राजेसाबला बघून तो उठला. "मग तुमीच शिवा की ओ! जुन्या पंखाचं कापड पडलंय माझ्याकडं, ठिगळाला लागंल तेवढं घ्या."

झालं. एका वाक्यात माणूस विकला गेला. गुलनाजनं तिचे तीन प्रश्न विचारले, नाही असं नाही. प्रभुलिंग म्हणाला, "परवाना रिन्यूला दिलाय, यील की म्हयन्याभरात." तिनं बापाकडं पाहिलं. बाप पिशवीतून दाभण काढत होता.

दुपारभर बसून राजेसाबनं ते ठिगळ शिवलं. इतकं मन लावून त्यानं आयुष्यात काही शिवलं नव्हतं. पोर याच्याखाली बसणार म्हणून टाके नेहमीपेक्षाही दाट घातले, एक ओळ पुरे असताना तीन घातल्या. शेवटी काठाशी हिरव्या दोऱ्याचे तीन टाके. उठून म्हणाला, "ताण बघाया पायजे."

"ताण वारा बघंल की!" प्रभुलिंग म्हणाला, आणि तिघंही हसले.

मग दोन महिने गुलनाज जमिनीवर नव्हतीच म्हणायचं. शनिवारी दुपारी क्लास सुटला की मोडनिंब, रविवारी सकाळी मोडनिंब. पुढं ती, मागं प्रभुलिंग. वहीत प्रत्येक उड्डाणाची मिनिटं लिहायची. जेवताना ताटातली भाकरी तिरपी धरून आईला वळण कसं घ्यायचं ते दाखवायची. अकबरी म्हणायची, "हौ हौ, आता खा ती." अकबरीला तो बाईमाणूस असलेला क्लब जास्त पसंत होता, पण घरात पोरीचं हसणं ऐकून तीही गप्प बसली. राजेसाब ड्रायव्हर लोकांना सांगत सुटला की आपली शिवण आता आभाळात आहे. ठिगळातून उरलेल्या कापडाची त्यानं गुलनाजला खांद्याला अडकवायची पिशवी करून दिली, वही आणि हेल्मेट ठेवायला. तोच दाभण, तोच दोरा, पट्ट्याला तशाच तीन दाट ओळी. तिच्यावरही हिरवे टाके.

गुरुवारी संध्याकाळी क्लासवरून येताना गुलनाजनं ती पिशवी त्याच्या शिलाई मशीनवर टाकली. "अब्बा, पट्टा निघाला. जरा लावून द्या ना," म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

राजेसाबनं पिशवी उचलली. दोरा सुटला असेल म्हणून शिवण शोधू लागला आणि त्याचे हात थांबले. दोरा जिथल्या तिथं होता. एकही टाका सुटला नव्हता, तिन्ही ओळी शाबूत होत्या. फाटलं होतं ते कापड. दाभणाच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत, तिथून तिसऱ्या, बिलबुकाचं पान ठिपक्यांवरून निघावं तसं सरळ. आत ओझं काय, तर एक वही आणि हेल्मेट.

त्याला कळायला क्षणही लागला नाही. ताडपत्री जाड, तिच्यात दोरा रुतून बसतो, जितके टाके दाट तितकी ती घट्ट. हे कापड पातळ आणि कडक. याला भोकं पाडली की ते भोकांवरूनच जाणार, आणि आपण हातभर जागेत शेकडो पाडून ठेवली आहेत. क्लबातला तो मेकॅनिक काय सांगणार होता, ते दोन महिन्यांनी त्याला मशीनवर बसल्या बसल्या ऐकू आलं.

गुलनाज तोंड पुसत बाहेर आली. "काय झालं होतं, अब्बा?"

"काही नाही," राजेसाब म्हणाला. "लावतो."

त्यानं जुना पट्टा फेकला आणि ताडपत्रीच्या कापडाचा नवा लावून दिला.

आता इथं या माणसाचा मला राग येतो, आणि दयाही येते. सांगायला चार शब्द पुरले असते. पण ते चार शब्द तोंडातून काढायचे म्हणजे राजेसाबच्या शिवणीनं माणूस मरू शकतो असं म्हणायचं, तेही त्या पोरीपुढं, जी चौदा वर्षं डोळे मिटून त्या शिवणीच्या भरवशावर मागं रेलली. शिवाय क्लब नको म्हणणारा कोण? तोच. त्याला लाज वाटली, दुसरं काही नाही. मग मन वकिली करू लागलं. पिशवीचं कापड जुनं होतं, उन्हानं खाल्लेलं. पंखावर ठिगळाखाली मूळ कापडही आहेच. दोन महिने उडतंयच की. शुक्रवारी नमाजेवरून येताना त्यानं ठरवलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी गुलनाज मुलांचे पेपर तपासत होती. शनिवारी सकाळी सांगू म्हटलं, तर दुकानात दोन ट्रक येऊन उभे. दुपारी क्लासवरून ती परस्पर मोडनिंबला गेली. ती परत येईपर्यंत राजेसाबनं चार ठिकाणी बोटात दाभण खुपसून घेतला.

ती आली ती धावतच. "अब्बा! आज दोनदा वर गेलो. उद्या मी एकटी जाणार. तुम्ही यायचंच."

रविवारी सकाळी ते एस.टी.नं निघाले. पिशवी तिच्या मांडीवर होती, नव्या पट्ट्याची. मोहोळपर्यंत तिनं त्याला एकट्यानं उडणं म्हणजे काय ते समजावलं. मागची सीट रिकामी असल्यानं विमान झटकन वर जातं, घाबरायचं नाही म्हणाली. राजेसाब मान हलवत होता. तीनदा त्यानं तोंड उघडलं आणि तीनदा खिडकीबाहेर बघितलं.

माळावर विमान शेडबाहेर काढून ठेवलेलं होतं. प्रभुलिंगचा मेहुणा धोंडीराम पेढे घेऊन उभा होता. गुलनाजनं हेल्मेट घातलं, पुढच्या सीटवर बसली, पट्टे आवळले. प्रभुलिंगनं बांबूला बांधलेल्या लुगड्याच्या चिंधीकडं बघितलं. "वारा झ्याक हाय. निघ, पोरी."

"थांबा," राजेसाब म्हणाला. सगळे त्याच्याकडं बघू लागले. आतासुद्धा, या घडीला सुद्धा, खरं त्याच्या तोंडून निघालं नाही. तो म्हणाला, "ताण बघायचा राहिलाय."

"आता?" प्रभुलिंग हसला. "वाऱ्यानं ईस येळा बघितला की!"

"आमच्या धंद्यात ताण बघितल्याबिगर माल जात न्हाय."

गुलनाजही हसली. पट्टे सोडून खाली उतरली. बाप घाबरलाय, त्याला धीर हवाय, असं तिला वाटलं असावं. ती आपसूक पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "गुलनाज, टोक धर," राजेसाब म्हणाला. ठिगळाच्या अलीकडचा काठ त्यानं धरला, पलीकडचा तिनं. आणि लहानपणापासून रेलायची तशी ती डोळे मिटून मागं रेलली.

आवाज फार मोठा झाला नाही. कापडवाला पट्टी फाडतो तेवढाच. गुलनाज मातीत पाठीवर पडली, हातात पंखाचा तुकडा. कडेला शिवणीच्या तिन्ही ओळी धड होत्या, हिरवे टाकेही. पंखाला पोटापर्यंत खिंडार पडलं होतं आणि त्यातून आभाळ दिसत होतं.

प्रभुलिंग मटकन खाली बसला. कालच तो स्वतः त्याच्याखाली बसून वर गेला होता. "मल्लिकार्जुना," तो पुटपुटला. मग उठून त्यानं राजेसाबचे दोन्ही हात धरले. "तुमी नसता तर आज काय झालं असतं ओ? पोरगी वाचली तुमच्यामुळं. ताण बघायचं मला सुचलं न्हाय, तुमाला सुचलं." धोंडीरामनं डोळे पुसले. त्यानं पेढ्यांचा पुडा उघडला आणि पहिला पेढा राजेसाबच्या तोंडात घातला.

राजेसाबनं तो खाल्ला.

गुलनाज उठली, कपडे झटकले, पंखाचा तुकडा पिशवीत टाकला. प्रभुलिंग तिला म्हणाला की आता हे विमान संपलं, नवा पंख आणायची आपली ऐपत नाही, आणि परवानाही खरं तर मागच्या वर्षीच संपलाय, तो रिन्यूला वगैरे दिलेला नाही. "माफ कर पोरी. तुझं तास कुटं लिवलं जायचं न्हाईत." दोन महिन्यांची मिनिटं तिच्या वहीत राहिली, बाकी कुठंच नाही.

हायवेच्या थांब्यावर बाप-लेक एस.टी.ची वाट बघत उभे होते. कांद्याचे ट्रक जात होते, ताडपत्र्या आवळलेले. गुलनाजनं पिशवीतून तो तुकडा काढला. भोकांवरून बोट फिरवलं. मग पिशवीचा नवा पट्टा बघितला, तो जिथं लावला होता तिथली जुनी फाटलेली कड बघितली. तिथंही तीच सरळ रेघ होती.

"पट्टा गुरुवारी निघाला होता ना, अब्बा?"

"हौ."

"तेव्हाही दोरा तुटला नव्हता."

राजेसाब जाणाऱ्या ट्रकाकडं बघत राहिला.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"मी सांगणारच होतो, बेटा. मी..."

"काल मी दोनदा वर गेले होते," गुलनाज म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, राजेसाबला रडता तरी आलं असतं. एस.टी. आली. ती पुढच्या एकट्या सीटवर जाऊन बसली.

त्या आठवड्यात तिनं पुण्याच्या पलीकडच्या क्लबाला फोन केला. दिवाळीनंतरच्या तुकडीत नाव घातलं, डॉक्टरकडं तपासणीला आईला घेऊन गेली. कॅलेंडरच्या पाठीमागच्या तीन प्रश्नांखाली तिनं चौथा लिहिला होता : पंख कोण शिवतं? भिंतीवर लावलेला नव्हता तो कागद, लपवलेलाही नव्हता. राजेसाबनं तो वाचला आणि जागेवर ठेवून दिला. घरात भांडण झालं नाही. अकबरीला गुलनाजनं काही सांगितलं नाही, राजेसाबनंही नाही. अकबरी शेजारणींना अजून सांगते की बापानं पोरीचा जीव वाचवला, आणि दोघं ताटात बघून जेवतात.

पुढच्या सोमवारी दुकानात नातेपुत्याच्या एका ट्रकची ताडपत्री होती. राजेसाबनं ठिगळ घातलं, कोपऱ्यात हिरवे तीन टाके मारले आणि सवयीनं हाक गेली, "गुलनाज, टोक धर." हाक गेल्यावर त्याला वाटलं, आता ती येणार नाही.

ती आली. टोक उचललं. पण मनगटाला गुंडाळलं नाही. ती उकिडवी बसली आणि शिवणीच्या एका टोकापासून बोट फिरवत निघाली. प्रत्येक टाका नखानं उचलून बघायची, दोन भोकांमधलं कापड चिमटीत धरून ओढायची, मग पुढचा.

"अगं, राजेसाबची शिवण हाय ती," ड्रायव्हर हसत म्हणाला. "तिला काय बघायचं?"

गुलनाजनं मान वर केली नाही. शिवण लांब होती, बारा हात. आपलं टोक हातात धरून राजेसाब उभा राहिला, तिचं बघून होईपर्यंत.